मुरण-नोंदी: पाणथळ मोडून केलेल्या शेतात पाणी किती आत जातं

३ फेब्रुवारी

कामाची चौकट आज ठरली. जमिनीचे दोन तुकडे, मध्ये फक्त एक बांध. अलीकडे अजून पाणथळ आहे: लव्हाळा, पाणकणीस, पाय ठेवला की दबणारी जमीन. पलीकडे तीच जमीन पूर्वी कधीतरी चर काढून कोरडी केली आणि तेव्हापासून ती नांगराखाली आहे. प्रश्न ऐकायला सोपा आहे. पाणथळीचं शेत झालं की मातीत पाणी मुरण्याचं काय होतं?

गटातल्या बहुतेकांकडे उत्तर तयारच आहे: मुरण कमी होतं. असेलही. पण बैठकीत एक गोष्ट लगेच लक्षात आली. कुणी पृष्ठभागातून पाणी आत शिरण्याच्या वेगाबद्दल बोलत होतं, कुणी जमिनीच्या पोटात किती पाणी मावेल याबद्दल, तर कुणी थेट भूजलात किती भर पडेल याबद्दल. या तीन गोष्टी एकाच दिशेने बदलतील असं मुळीच नाही. म्हणून नोंदवहीत तीन वेगळे रकाने: शिरणं, मावणं, पाझरणं. एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर खपवायचा नाही, एवढं ठरलं.

मोजमापाला लगेच सुरुवात नको, आधी खड्डे घेऊ, हा माझा आग्रह होता. तो मान्य झाला.

९ फेब्रुवारी

दोन्ही बाजूंना छातीइतके खोल खड्डे. पाणथळीच्या खड्ड्यात थोड्याच वेळात तळाशी पाणी जमलं, त्यामुळे तिथलं वाचन घाईत उरकावं लागलं.

शेताच्या बाजूची भिंत मात्र निवांत पाहता आली. वरचा साधारण वीतभर थर काळपट आणि मोकळा, ढेकळं बोटांनी फुटणारी. त्याखाली एकदम घट्ट पट्टा. सुरीचं टोक आत जात नाही, तुकडा उचकटला तर आडव्या पापुद्र्यांत सुटतो. पिकाची मुळं इथवर सरळ येतात आणि मग आडवी वळून पट्ट्याच्या अंगाने पसरतात. नांगराचा फाळ दरवर्षी एकाच खोलीवर घासत गेला आणि ट्रॅक्टरचं चाक नांगराच्या तासातून ओल्या मातीवर फिरत राहिलं, की हा थर तयार होतो. नुसत्या नांगरटीने तो इतका जाड होत नाही. ओल असताना यंत्र घातलं की होतो. आणि पाणथळ मोडलेल्या जमिनीला वाफसा उशिरा येतो, त्यामुळे इथे घाई जास्त होते.

पट्ट्याखालची माती करडी, निळसर छटेची, तिच्यात गंजाचे ठिपके आणि गंजाच्याच बारीक उभ्या रेघा. हा रंग पाणथळीच्या काळातला. माती पाण्याने भरलेली राहिली की प्राणवायू संपतो, मग सूक्ष्मजीव श्वसनासाठी लोहाचा वापर करतात. तांबडं लोह विरघळणाऱ्या रूपात जातं आणि मातीचा रंग उडतो. पाणवनस्पती मुळांपर्यंत हवा पोचवतात, त्यामुळे मुळाच्या कडेला लोह पुन्हा गंजून बसतं. त्या उभ्या रेघा म्हणजे कधीकाळच्या मुळांच्या वाटा, गंजाचं अस्तर लागून टिकलेल्या.

बांधाच्या अलीकडे अशाच वाटा पृष्ठभागापर्यंत येतात. शेतात त्या घट्ट पट्ट्याशी तुटतात. खाली त्या शाबूत आहेत, पण वरच्या पाण्याला त्यांची वाट सापडत नाही. माझ्या मते आजवरचं सगळ्यात मोलाचं निरीक्षण हेच, आणि त्यासाठी कुदळ सोडून काहीही लागलं नाही.

१२ फेब्रुवारी

मातीचा पोत, म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमातीच्या कणांचं प्रमाण, तपासला. दोन्हीकडे सिल्ट लोम, म्हणजे बारीक गाळाचे कण जास्त असलेली माती. बरं झालं, नाहीतर पुढची तुलनाच अवघड झाली असती.

कागदावरचा हिशेब सुरू केला. ग्रीन आणि अँप्ट यांनी १९११ मध्ये मांडलेली पद्धत घेतली. तिची कल्पना अशी: पाणी मातीत एका स्पष्ट ओल्या सीमेने खाली सरकतं, सीमेच्या वर माती भिजलेली, खाली मूळ ओलीची. पाण्याला दोन गोष्टी ओढतात, गुरुत्व आणि सीमेवरचं केशाकर्षण, म्हणजे बारीक छिद्रांची ओढ. सुरुवातीला केशाकर्षणाचं बळ जास्त, कारण ओला थर पातळ असतो. थर जाड होत गेला की वेग उतरतो आणि शेवटी संपृक्त वाहकतेजवळ, म्हणजे पूर्ण भिजलेली माती ज्या वेगाने पाणी पुढे सोडते त्याजवळ, स्थिरावतो. प्रत्यक्ष मातीत सीमा इतकी रेखीव नसते, पण हिशेबाला चालते.

रॉल्स आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये पोतानुसार दिलेले सरासरी आकडे वापरले. सिल्ट लोमसाठी वाहकता तासाला ०.६५ सेंमी, सीमेवरचं शोषण १६.६८ सेंमी, परिणामकारक सच्छिद्रता, म्हणजे पाण्याने भरू शकणाऱ्या पोकळीचा हिस्सा, ०.४८६. वर साचलेल्या पाण्याची उंची नगण्य धरली.

माती कोरडीच्या बाजूची, म्हणजे छिद्रांचा ३० टक्के भाग भरलेला असेल तर पहिल्या तासात ३.१७ सेंमी पाणी आत जातं. तासाअखेरचा वेग १.८१ सेंमी.

तीच माती ९० टक्के भरलेली असेल तर पहिल्या तासात १.५० सेंमी, आणि तासाअखेरचा वेग जेमतेम १ सेंमी.

म्हणजे मातीला कुणी हातही न लावता, केवळ आधीच्या ओलीमुळे पहिल्या तासाचं मुरण निम्म्याहून खाली आलं. दोन्ही तुकडे एकाच दिवशी मोजले तर शेत कोरडं आणि पाणथळ ओली असणारच. मग आकड्यांवरून निघेल की शेतात पाणी दुप्पट मुरतं! आणि ते खोटंही नसेल. चर काढून पाण्याची पातळी खाली नेली की मातीत रिकामी जागा होते, आणि रिकाम्या जागेत पाणी शिरतं. निचऱ्याचा हा पहिला परिणाम आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही.

१३ फेब्रुवारी

कालच्याच हिशेबातली दुसरी बाजू. एका तासात ओली सीमा किती खोल गेली? कोरड्या मातीत ९ सेंमीच्या आसपास. ९० टक्के भरलेल्या मातीत जवळजवळ ३१ सेंमी, कारण तिथे भरायला जागा इतकी थोडी की कमी पाणीही खोलवर जातं. पाणथळीत भूजल जर तीस सेंमीवर असेल तर तासाभरात माती तुडुंब. पुढचा प्रत्येक थेंब पृष्ठभागावर.

१८ फेब्रुवारी

गटात वाद. पाणथळ म्हणजे स्पंज, हे वाक्य अहवालाच्या पहिल्या परिच्छेदात आलं होतं. मी ते काढायला सांगितलं. स्पंज आधीच भिजलेला असेल तर तो काही शोषत नाही, आणि पाणथळ वर्षातला बराच काळ भिजलेलीच असते.

बुलक आणि अ‍ॅक्रेमन यांनी २००३ मध्ये १६९ अभ्यासांचा आढावा घेतला होता. पूरमैदानातल्या पाणथळी बहुतेक वेळा पूर कमी करतात किंवा लांबवतात. पण नदीच्या उगमाकडच्या कित्येक पाणथळी उलट पुरात भर घालतात, असं त्यात दिसलं. कारण वरचंच: भरलेल्या मातीवर पडलेला पाऊस लगेच वाहू लागतो. पूरमैदानातली पाणथळ पाणी अडवते ती मुख्यतः सखलपणामुळे आणि पसरट जागेमुळे, मातीत मुरवून नव्हे.

हे लिहिलं की पाणथळ मोडणाऱ्यांच्या हाती कोलीत दिल्यासारखं होईल, असं एकाचं म्हणणं. मला पटलं नाही. चुकीच्या कारणासाठी केलेला बचाव पहिल्याच मोजमापात कोसळतो. पाणथळीचं मोल वेगळ्या ठिकाणी आहे आणि शेतातल्या मातीचं बिघडलेलं गणितही वेगळ्या ठिकाणी आहे. तेच शोधायचं.

वाक्य काढलं.

२६ फेब्रुवारी

मुरण मोजायची कडी, म्हणजे जमिनीत ठोकून पाणी भरायची वर्तुळं, लावायला सुरुवात. दुहेरी कडी, आतली ३० सेंमी व्यासाची, बाहेरची ६०. बाहेरच्या कड्यातलं पाणी बाजूला पसरतं आणि आतल्या कड्यातलं सरळ खाली जायला भाग पडतं, म्हणून मोजायचं फक्त आतलं.

पाणथळीच्या बाजूला आज कडी लावण्यात अर्थ नव्हता. पाणी इतकं वर की मोजून शून्यच आलं असतं, आणि त्या शून्याचा मातीच्या गुणाशी काही संबंध नसता. पाणी उतरल्यावर तिथे जायचं.

तापमानाची नोंद सक्तीची केली. एक-दोघांनी भुवया उंचावल्या. पण १० अंशांचं पाणी ३० अंशांच्या पाण्यापेक्षा बरंच दाट वाहतं. चिकटपणाच्या फरकामुळे त्याच मातीत गरम पाणी साधारण १.६ पट वेगाने जातं. सकाळी एक तुकडा आणि भर दुपारी दुसरा मोजून कुणी शेतीच्या परिणामाबद्दल निष्कर्ष काढायला नको.

५ मार्च

घट्ट पट्ट्याचा हिशेब. गेल्या महिन्यापासून डोक्यात घोळत होता.

एक मीटर जाडीची माती घेतली. वरचे २० सेंमी आणि खालचे ७० सेंमी सिल्ट लोम, वाहकता ०.६५. मधले १० सेंमी घट्ट, त्यांना चिकणमातीचा आकडा दिला, तासाला ०.०३ सेंमी. थर एकाखाली एक असतील तर वाहकतेची साधी सरासरी चालत नाही. प्रत्येक थराचा अडथळा, म्हणजे जाडी भागिले वाहकता, बेरजेत घ्यावा लागतो. पाणी जमिनीत कसं वाहतं याचा मूळ नियम डार्सी यांनी १८५६ मध्ये दिला, हे त्याचंच पुढचं पाऊल.

वरच्या थराचा अडथळा ३०.८ तास, घट्ट पट्ट्याचा ३३३.३, खालच्या थराचा १०७.७. बेरीज ४७१.८. संपूर्ण मीटरची वाहकता तासाला ०.२१ सेंमी. पट्टा नसता तर ०.६५ असती. जाडीने दहावा हिस्सा असलेल्या थराने सत्तर टक्के अडथळा उचलला आणि मुरण एक तृतीयांशावर आणलं.

पण खरी गंमत वेळेत आहे. कोरड्या सुरुवातीने पाणी सोडलं तर ओली सीमा पट्ट्यापर्यंत, म्हणजे २० सेंमीवर, पोचायला हिशेबाने सुमारे साडेतीन तास लागतात. तोवर वेग तासाला १.१९ सेंमीवर आलेला असतो, अगदी निरोगी मातीसारखा. सीमा पट्ट्यात ५ सेंमी शिरेपर्यंत वेग ०.२९ वर. तासाभराची चाचणी घेणाऱ्याला पट्टा दिसणारच नाही! त्याच्या कागदावर शेत एकदम उत्तम ठरेल.

कड्याची चाचणी इतकी लांबवणं किती जणांना परवडतं, हा वेगळा प्रश्न. आम्ही लांबवणार.

६ मार्च

कालच्या हिशेबाला एक पुरवणी. पट्ट्यावरच्या २० सेंमीत कोरड्या सुरुवातीला ६.८ सेंमी पाणी मावतं. त्याहून मोठा पाऊस आला की वरचा थर भरतो आणि शेतात पाणी उभं राहतं, खाली सत्तर सेंमी माती कोरडी असताना. लोक याला "पाणथळ परत आली" म्हणतात. परत आलेली नसते; हे वरच्या वर अडकलेलं पाणी आहे, भूजलाशी त्याचा संबंध नाही. चर आणखी खोल करून ते जात नाही, कारण चर पट्ट्याखालचं पाणी ओढतो आणि तिथे पाणीच नाही.

१४ मार्च

शेताच्या मधोमध खोलगट भाग आहे, पाणथळीच्या काळात सगळ्यात उशिरा सुकणारा. तिथली माती जास्त काळी, हलकी, कुजलेल्या वनस्पतींनी भरलेली. शेतकरी म्हणाले, "तिथं पाणी साचतं वर, आणि फावडं मारलं की खाली धूळ." ऐकायला विरोधाभासी, पण वर्णन अचूक आहे, आणि हे पट्ट्याचं काम नाही. पट्टा वीतभर खाली आहे, ते बोटभर खालची धूळ सांगत होते.

थेंब-चाचणी केली. कोरड्या मातीवर पाण्याचा थेंब ठेवायचा आणि तो आत जायला किती वेळ लागतो ते पाहायचं. ५ सेकंदांच्या आत गेला तर माती पाणी घेणारी. ५ ते ६० सेकंद म्हणजे किंचित पाणी झिडकारणारी. ६० ते ६०० म्हणजे बऱ्यापैकी. त्यावर एक तासापर्यंत तीव्र. इतर ठिकाणी थेंब ठेवताक्षणी नाहीसा झाला. खोलगट भागात तो मण्यासारखा बसून राहिला. चहा पिऊन आलो तरी तिथेच.

सेंद्रिय पदार्थ कायम ओला असतो तोवर पाण्याशी त्याचं जमतं. एकदा खोलवर सुकला की कणांवरच्या मेणकट संयुगांची पाणी-विरोधी बाजू बाहेर वळते. केशाकर्षणाने आत ओढण्याऐवजी माती पाणी बाहेर ढकलते. ग्रीन-अँप्टच्या हिशेबात शोषणाचा आकडा धन असतो. इथे सुरुवातीला तो ऋण धरावा लागेल. दीर्घकाळ भिजत राहिली तर माती पुन्हा पाणी घेऊ लागते, पण पहिल्या सरीला नाही. पाणथळीच्या बाजूचा तसाच काळा नमुना ताजा तपासला तर थेंब लगेच आत. तोच नमुना ओव्हनमध्ये न घालता उन्हात सुकवून ठेवला आहे, पुन्हा पाहायचा.

"सेंद्रिय कर्ब वाढला की मुरण वाढतं" हा नियम सर्वसाधारण शेतजमिनीत खरा आहे. निचरा केलेल्या दलदलीत तो डोळे मिटून लावायचा नाही.

२२ मार्च

सुकवलेला नमुना: थेंब बसून राहिला. जास्त लिहिण्यासारखं नाही, अपेक्षेप्रमाणेच.

तबकडीचा मुरणमापक आला. यात पाणी मातीला किंचित ताणाखाली, म्हणजे थोडं मागे ओढून धरून, दिलं जातं. ३ सेंमी ताण ठेवला तर १ मिमीपेक्षा मोठ्या व्यासाच्या छिद्रांत पाणी शिरूच शकत नाही. ६ सेंमी ठेवला तर ०.५ मिमीच्या वरची वगळली जातात. ताणाशिवायचा वेग आणि ताणाखालचा वेग यांतला फरक म्हणजे मोठ्या छिद्रांचा वाटा.

हे मुद्दाम मोजायचं कारण पोताचे तक्ते इथे आंधळे आहेत. बांधाच्या दोन्हीकडे सिल्ट लोमच, म्हणून तक्ता दोघांना एकच वाहकता देतो. शेतीने पोत बदललेला नाही, कणरचना बदलली. स्थूल घनता, म्हणजे पोकळीसकट मातीची घनता, घनसेंमीला १.१ ग्रॅमवरून १.५ झाली तर एकूण सच्छिद्रता ५८ टक्क्यांवरून ४३ वर येते. आकडा फार भयंकर वाटत नाही. पण दाबाखाली आधी मोडतात ती मोठी छिद्रं, आणि नळीतून वाहणारं पाणी त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतं. १ मिमीची एक वाट मोडून ०.५ मिमीच्या चार झाल्या तर पोकळीचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं आणि प्रवाह मात्र पाव होतो. सच्छिद्रता जपली, मुरण गेलं.

शेताच्या पृष्ठभागावर ताण लावला आणि काढला, फरक होता. ताजी नांगरट, मोकळी ढेकळं, फरक असणारच. वरचा थर खरवडून घट्ट पट्ट्यावर तबकडी ठेवली तेव्हा ताण असो नसो, वेग जवळजवळ तोच. मोठ्या वाटा तिथे उरलेल्याच नाहीत. पाणथळीच्या बाजूचं पाणी उतरलं होतं म्हणून तिथे त्याच खोलीवर मोजलं: ताण काढताच पाणी सुसाट. खड्ड्यात दिसलेल्या गंजाच्या रेघांशी हे तंतोतंत जुळतं.

३१ मार्च

वाचनाचा दिवस. प्रश्न असा की आपण मोजतोय तो पृष्ठभाग तरी जागेवर आहे का.

इंग्लंडमध्ये होम फेन इथे १८५१ मध्ये व्हिटल्सी मिअर हे मोठं तळं उपसून शेतीखाली आणलं, आणि जमीन खचेल हे जाणून तिथे एक खांब पीटमधून (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातून) खालच्या चिकणमातीपर्यंत ठोकून माथा जमिनीबरोबर ठेवला. आज तो माथा जमिनीपासून सुमारे ४ मीटर वर आहे. फ्लोरिडातल्या बेल ग्लेडमध्ये १९२४ साली ९ फुटांचा काँक्रीटचा खांब खडकापर्यंत असाच रोवला. तोही बराचसा उघडा पडला आहे.

हे खचणं तीन प्रकारे होतं. पाण्याचा आधार गेल्याने थर बसतो, सुकल्याने आकसतो, आणि हवा मिळाल्याने सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतात. पहिले दोन सुरुवातीच्या काही वर्षांत जोरात. तिसरा निचरा चालू असेपर्यंत थांबत नाही. न विस्कटलेल्या पीटची घनता ०.१ च्या आसपास, नव्वद टक्क्यांहून जास्त पोकळी. बसलेल्या, जळलेल्या पीटची घनता त्याच्या कित्येक पट. तंतू तुटून भुगा होतो आणि भुग्यातली छिद्रं बारीक.

मुरणाच्या दृष्टीने यातली विचित्र गोष्ट ही: जमीन खाली येते, भूजल तिथेच राहतं, म्हणजे मावायची जागा पुन्हा कमी होते. मग चर खोल केले जातात, जागा पुन्हा मिळते, जाळणंही पुन्हा वाढतं. १२ फेब्रुवारीला लिहिलेला निचऱ्याचा फायदा कायमचा नाही. तो दरवर्षी माती खर्चून विकत घ्यावा लागतो. आपल्या तुकड्यात काळा थर पातळ आहे, म्हणून इथे मीटरांची भाषा लागू नाही. खोलगट भागाला मात्र लागू आहे. तो मुळातच इतका खोलगट होता की खचून झाला, हे तपासायला बांधाखालची न नांगरलेली जमीन हाताशी आहे.

१० एप्रिल

रात्री जोरदार पाऊस. सकाळी शेतात तीन तऱ्हेचं पाणी दिसलं, आणि तिन्हींची कारणं वेगळी.

वरच्या उताराला ढेकळं विरघळून पृष्ठभागावर गुळगुळीत पापुद्रा आलेला. थेंबांच्या माऱ्याने कण सुटतात, बारीक कण छिद्रांच्या तोंडात बसतात. काही मिमी जाडीचा हा थर पुरेसा असतो. इथे पाणी साचलं नाही, वाहून खाली गेलं आणि जाताना गाळ घेऊन गेलं. मधल्या सपाटीवर पाणी उभं, फावड्याने पाहिलं तर वीतभर चिखल आणि पट्ट्याखाली कोरडी माती. ६ मार्चचा हिशेब जसाच्या तसा. खोलगट भागात वरून आलेल्या गाळाचा नवा मुलामा आणि त्याखाली ती झिडकारणारी काळी माती.

बांधाअलीकडच्या पाणथळीतही पाणी होतं, अर्थात. पण तिथे पाणी वरपासून खालपर्यंत सलग होतं, आणि पृष्ठभागावर पापुद्रा नावाला नाही. वाळलेल्या पात्यांचा थर थेंबाचा मार आधीच घेतो.

एका पावसाने जे दाखवलं ते कड्यांनी दाखवलं नसतं. कड्यात पाणी अलगद ओततात. थेंबांचा मार त्यात येत नाही, म्हणून पापुद्रा मोजमापातून सुटतो. पावसाचं अनुकरण करणारा फवारा मिळवायला हवा.

१९ एप्रिल

निळा खाद्यरंग पाण्यात मिसळून दोन्ही बाजूंना सोडला आणि दुसऱ्या दिवशी उभा काप घेतला.

शेतात: वर सगळीकडे एकसारखा निळा, पट्ट्याशी येऊन सपाट रेघेत थांबलेला. फक्त एके ठिकाणी एक भेग होती, तिच्यातून निळी जीभ सरळ खाली गेलेली, बाजूची माती कोरी. पाणथळीत: निळा ठिकठिकाणी बोटांसारखा उतरलेला, मुळांच्या वाटांनी.

त्या एका भेगेबद्दल थोडं. चिकणाई जास्त असलेल्या निचरा केलेल्या जमिनीत सुकताना भेगा पडतात आणि कड्याची पहिली वाचनं अफाट येतात. माती फुगून भेग मिटली की वेग कोसळतो. भेगेतून गेलेलं पाणी मुळांच्या थराला न भिजवता थेट चराकडे जातं, आणि सोबत नायट्रेटही नेतं. शिरणं भरपूर, मावणं जवळजवळ काहीच नाही. मुरणाचा मोठा आकडा म्हणजे चांगली माती, असं वाचणाऱ्याला हा काप दाखवावा.

२ मे

उपायांवर चर्चा. खोल फाळाने पट्टा फोडता येतो, पण माती पट्ट्याच्या खोलीवरही कोरडी असेल तरच. ओली असेल तर फुटण्याऐवजी फाळाच्या कडेने लिंपली जाते. आणि नंतर त्याच जड यंत्रांनी त्याच ओलीत काम केलं तर पट्टा पुन्हा बसतो. चाकांसाठी ठरावीक पट्टे राखणं हे जास्त उपयोगाचं वाटतं. खोल मुळांचं पीक फेरपालटात घेणं हळू काम करतं, पण मुळं मेल्यावर उरलेल्या वाटा यंत्राने पाडलेल्या फटींपेक्षा जास्त टिकतात.

चर बुजवून पाणथळ परत आणायचा पर्यायही आला. त्यात एक पेच आहे. काम यशस्वी झालं तर भूजल वर येईल, मावायची जागा संपेल आणि कड्यातला मुरणाचा वेग कमी येईल. अहवालात "मुरण" हा यशाचा निकष ठेवला तर चांगलं काम नापास होईल. आकसलेलं पीट पुन्हा पूर्ण फुगत नाही, त्यामुळे जुनी छिद्रंही लगेच मिळणार नाहीत. तिथे भूजलाची खोली आणि ती वर्षभर कशी हलते हेच पाहायचं.

११ मे

नोंदीचा अंतिम नमुना ठरला. प्रत्येक वाचनासोबत आधीची ओल, भूजलाची खोली, पाण्याचं तापमान, आणि वेग कोणत्या मिनिटाचा ते लिहायचं. पृष्ठभागावर एक आणि पट्ट्याच्या माथ्यावर एक अशी जोडीने मोजमापं. एकटं पृष्ठभागाचं वाचन तक्त्यात घ्यायचं नाही. कोरड्या काळ्या मातीवर थेंब-चाचणी आधी, कडी नंतर. भेगा असतील तर पहिली वाचनं टाकून न देता वेगळ्या रकान्यात.

दोन तुकड्यांची सरासरी काढून एक टक्केवारी द्यावी, अशी मागणी पुन्हा आली. दिली नाही. त्याऐवजी प्रत्येक जागेचा वेळेनुसार वेगाचा आलेख आणि शेजारी खड्ड्याच्या भिंतीचं चित्र, एकाच मापाने, असं पान बनवतो आहोत. फवाऱ्याची व्यवस्था झाली आहे. उताराच्या वरच्या भागापासून सुरुवात.